वहीत लिहून ठेवा

बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी झाली आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आत जिल्ह्यातल्या मोबाइलांवर वर्षभराचा पाऊस पडूनही गेला. कोणत्या महिन्यात किती, कपाशी कशी, देशाचा राजा टिकणार की नाही, हे आता सगळ्यांना पाठ आहे. मला राग घटाचा आलेला नाही. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात अठरा धान्यं गोलाकार मांडायची, मधल्या खड्ड्यात चार महिन्यांची चार ढेकळं ठेवून त्यावर पाण्याची घागर ठेवायची आणि पहाटे काय भिजलं, काय हललं ते पाहायचं, ही मांडणी सुरू करणाऱ्या चंद्रभान महाराजांपासूनची रीत. मांडणी उघड्यावर होते, चार लोकांसमोर होते. राग आला तो नंतरच्या एका वाक्याचा. "आपण फक्त सांगतो हो, मानायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं."

परंपरा आहे, निम्मं तरी खरं होतं, लोकांना धीर येतो, हीही कारणं कानावर आली. ती जाऊ द्या. हे "फक्त सांगतो" मात्र मला सोडवत नाही. फक्त सांगायचं होतं, तर कॅमेरे कशाला लागले? फक्त सांगायचं होतं, तर "भाकीत" हा शब्द एवढ्या मोठ्या टायपात कशाला? भाकीत खरं ठरलं की फक्त सांगणारा हार घालून घ्यायला पुढे होतो, आणि खोटं ठरलं की तो कधी बोललाच नव्हता. पहिल्या सरीवर सोयाबीन टाकलेल्या माणसाचं बियाणं करपलं, तर दुबार पेरणीचं कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर चढतं. फक्त सांगणाऱ्याच्या सातबाऱ्यावर कसलाही बोजा चढत नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा सांगायला मोकळा.

हे एकट्या भेंडवळचं नाही. खामगाव, मलकापूर, बुलढाणा या पट्ट्यात अलायन्स मिशनच्या ख्रिस्ती मंडळ्या शंभराहून अधिक वर्षं आहेत. आपल्याकडच्या प्रार्थनासभांतही कुणी उठून म्हणतो, "हे मी बोलत नाही, प्रभूनं मला दाखवलं." मग लग्न मोडतं, नोकरी सुटते, औषधं बंद होतात, आणि "दाखवलं" म्हणणारा पुढच्या सभेला निघून जातो. देवाचं नाव घेऊन स्वतःची जबाबदारी झटकणं हे मला घटापेक्षा गंभीर वाटतं.

बायबलाला ही पळवाट ठाऊक आहे. अनुवादाच्या 18व्या अध्यायात कसोटी अगदी रोकडी आहे: परमेश्वराच्या नावानं सांगितलेलं घडलं नाही, तर ते त्याचं नव्हतं आणि त्या माणसाला भ्यायचं कारण नाही. म्हणजे काय सांगितलं, कधी सांगितलं, हे वहीत असल्याशिवाय संदेष्टा तपासताच येत नाही. यिर्मयाच्या 28व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांची मुदत घालून बाबेलचं जू मोडेल असं सांगतो. यिर्मया आधी काय म्हणतो? आमेन, तसंच होवो. गोड बातमी त्यालाही हवीच होती. पण आपल्याला हवं असणं हा त्यानं पुरावा मानला नाही.

आणि 1 राजे, अध्याय 13. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला स्पष्ट आज्ञा होती: बेथेलात भाकर खायची नाही, पाणी प्यायचं नाही. तिथला एक म्हातारा संदेष्टा त्याला गाठतो. मीही संदेष्टाच आहे, देवदूतानं तुला घरी आणायला सांगितलं आहे, असं खोटंच सांगतो. वय, पद, देवदूत, सगळं एका बाजूला आणि त्या माणसाचं स्वतःला ठाऊक असलेलं एका बाजूला. तो म्हाताऱ्याचं ऐकतो, जेवतो, आणि परतीच्या वाटेवर सिंह त्याला मारतो. म्हाताऱ्याच्या वाटेला सिंह येत नाही. ऐकणाऱ्यानं किंमत मोजली, सांगणाऱ्यानं शोक केला. म्हणून मोठ्या माणसानं सांगितलं तरी आपला विवेक त्याच्या स्वाधीन करायचा नाही.

पंडिता रमाबाईंना हे कळलं होतं. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नंतर चर्चच्या अधिकाराखाली मान तुकवण्याचा आग्रह झाला, तेव्हा ज्यांच्या मठात त्यांनी आश्रय घेतला होता त्यांनाच त्यांनी पत्रांतून ठाम सांगितलं, की सदसद्विवेक मी कुणाच्या हाती देणार नाही. पुढे त्या स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबलचं मराठी भाषांतर केलं. मुळात काय लिहिलंय ते स्वतः पाहायचं, हा त्यांचा बाणा.

हवामान खातंही चुकतं. पण एप्रिलच्या अंदाजासोबत ते त्रुटीची मर्यादा छापतं, मेअखेरीस अंदाज सुधारतं, आणि पाऊस संपल्यावर आकडे सगळ्यांसमोर असतात. ती वही झाली. थेस्सलनीकाकरांना पौल हेच सांगतो: संदेश तुच्छ मानू नका, पण सगळं पारखून घ्या. दोन्ही एका दमात.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. आज ज्यांनी भाकीत छापलं, दाखवलं, पुढे पाठवलं, त्यांनी ऑक्टोबरात त्याच जागी, त्याच टायपात त्याचा ताळा छापावा. आमच्या पेपरासकट. प्रार्थनासभेत प्रभूचं नाव घेऊन बोलणाऱ्यानंही मंडळीच्या वहीत तारीख घालून सही करावी. कुणी करेल असं मला वाटत नाही. तोवर 75 ते 100 मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका, मग सांगणारा कितीही मोठा असो.