ऋण आणि कर्ज

बेळ्ळंदूरला आउटर रिंग रोडवरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतून पन्नाशीतल्या माणसाची नोकरी जाते, तेव्हा त्याची मुलगी बहुधा कॉलेजात असते. फी कशीबशी भरली जाते. ती कुणाच्या नावावर मांडायची, हे अवघड.

बाप भविष्यनिर्वाह निधी मोडतो आणि घरात बोलत नाही. मुलगी शिक्षण सोडेल ही भीती. याला आपण त्याग म्हणतो. मला शंका आहे. न सांगता दिलेले पुढे कधीतरी ‘तुझ्यासाठी काय नाही केलं’ म्हणून वसूल होते, आणि त्या वसुलीला शेवटचा हप्ता नसतो. त्यापेक्षा बँक सरळ. विद्यार्थिनी कर्जदार, पालक सहकर्जदार, ४ लाखांपर्यंत तारण नको, परतफेड शिक्षण संपल्यावर. आकडा लिहिलेला असतो, म्हणून तो फिटतो.

आभार मानताना आपण ‘ऋणी आहे’ म्हणतो. ‘कर्जदार आहे’ कुणी म्हणत नाही. इथल्या कन्नडमध्येही बँकेचे ते ‘साल’, अन्नाचे ते ‘ऋण’. भाषांतर करताना इंग्रजीत दोन्ही एकाच शब्दात कोंबावी लागतात. बापही तेच करतो.

साताऱ्याला भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा विकले. पण ती मुले ‘कमवा आणि शिका’मध्ये स्वतः राबतही होती, आपले शिक्षण कशावर चालले आहे, हे त्यांना ठाऊक होते.

मुलीने स्वस्तातले कॉलेज निवडले तर? वर्ष वाया गेले तर? जाऊ दे, असे मला म्हणवत नाही. पण अठराव्या वर्षी ती मत देते. घरातला हिशेब मांडताना तिलाही शेजारी बसवावे.