निकाचित कर्म आणि बदललेली पेशी

मूत्राशयाच्या कर्करोगावर जनुकोपचार आणि किरणोत्सार एकत्र आणणारा एक प्रायोगिक मार्ग असा: थायरॉईडला आयोडीन शोषू देणाऱ्या प्रथिनाचे जनुक विषाणूवाटे गाठीत पोचवायचे, मग किरणोत्सारी आयोडीन-131 द्यायचे. गाठ आपले मरण आपणच गिळते.

मोठी जैन वस्ती असलेल्या सुरतेसारख्या व्यापारी शहरात प्रश्न उठतो: कर्माने लाभलेल्या शरीराचे जनुक बदलणे ही कर्मात ढवळाढवळ का? जैन कर्मसिद्धान्त इतका ताठर नाही. नामकर्म शरीर घडवते, वेदनीय कर्म सुखदुःख देते. पण बांधलेल्या कर्माची मुदत आणि तीव्रता घटू शकते, त्याचे संक्रमणही, म्हणजे एका उपप्रकारातून दुसऱ्यात रूपांतर, होते. अढळ ते फक्त निकाचित कर्म. आणि आपले कोणते कर्म निकाचित, हे रुग्णाला कसे कळावे? उपचार नाकारण्यास इथे आधार सापडत नाही.

अवघड गाठ पुढे आहे. 1895 मध्ये शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी मूत्राशयाचा कर्करोग जर्मनीतल्या रंगकारखान्याच्या कामगारांत नोंदवला. पुढे बेंझिडिनसारख्या अमाइनांवर दोष सिद्ध झाला. सुरत रंगाई-छपाईचे शहर, आणि तिथल्या कामगारवस्त्यांत खानदेशी माणसे पुष्कळ. रसायनामुळे रोग जडलेल्या कामगाराच्या पूर्वजन्माकडे बोट दाखवणारा निमित्तकारण, म्हणजे बाहेरचे कारण, सोयीस्करपणे विसरतो. जैन तर्कात मात्र निमित्तालाही जागा आहे, आणि हिंसेचा दोष ती करणाऱ्याला आणि करवणाऱ्याला लागतो.