सौम्य

मत्तयकृत शुभवर्तमानातला ‘प्राउस’ हा ग्रीक शब्द अनुवादकाला स्वस्थ बसू देत नाही. डोंगरावरील प्रवचनात हिंदी बायबल त्यासाठी ‘नम्र’ म्हणते, मराठी ‘सौम्य’. मला मराठीच पटते. नम्र माणूस कुणापुढे तरी वाकलेला असतो. सौम्य असायला समोर कुणी लागत नाही. ॲरिस्टॉटल याच कुळातला गुण रागाच्या संदर्भात सांगतो: योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य तेवढेच रागावणे. म्हणजे ज्याला राग येतच नाही, तो सौम्य नव्हे. एकविसाव्या अध्यायात गाढवावर बसून येणाऱ्या येशूला हाच शब्द लावला आहे, आणि काही ओळींनंतर तो मंदिरातल्या सराफांचे चौरंग पालथे करतो.

व्यवहारात मात्र हा गुण दुसऱ्यालाच शिकवला जातो. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांना पत्रांतून आज्ञाधारकपणाचे धडे देत राहिल्या. रमाबाईंनी सदसद्विवेक कुणाच्या हवाली केला नाही, म्हणून त्या गर्विष्ठ ठरल्या. याच बाईंनी पुढे केडगावला, हिब्रू-ग्रीक शिकून, अख्खे बायबल मराठीत आणले.

माझ्याकडे एकदा बायकांसाठीच्या इंग्रजी प्रवचनांचे पुस्तक अनुवादाला आले होते. नवऱ्याचा मार मुकाट सोसणारीला त्यात ‘मीक’ म्हटले होते. मूळ बदलायचा अधिकार आपला नाही, असे स्वतःला बजावत मी ‘सौम्य’ लिहिले. ‘सोशिक’ लिहिता आले असते.