भय गेले, शील राहू द्या



कोकणात पाहुण्यांकडे जाण्याचा योग आला, तर मुलाबाळांना घेऊन सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात जा आणि हेवाळे-बांबर्डेचे पाणथळ रान पाहा. रान लहानसेच आहे. २०२१ साली ते जैविक विविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. परंतु त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांनी ते देवराई म्हणून राखले होते.

तेथे जायफळाच्या कुळातील रानटी झाडे पाण्यात, चिखलात उभी आहेत. त्या चिखलात मुळांना पुरेशी हवा मिळत नाही. म्हणून मुळे वर येतात, माणसाच्या गुडघ्यासारखी वाकतात, हवा घेतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. या झाडांचे बी वाळले की मेले. त्याला ओल हवीच. धनेशासारखे पक्षी फळे खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. पाणी आहे म्हणून झाड आहे, झाड आहे म्हणून पाखराला अन्न आहे, पाखरू आहे म्हणून बी दूर जाऊन रुजते. एक गेले की दुसरे जाते. प्रतीत्यसमुत्पाद समजावून देण्यास याहून सोपा धडा कोणता? पश्चिम घाटातील अशी कित्येक राने भातशेतीसाठी आणि सुपारीच्या बागांसाठी पाणी वळवल्यामुळे नाहीशी झाली.

तेथे तुमचा मुलगा विचारील, "बाबा, आपण आता देव मानत नाही. मग एक फांदी तोडली तर काय बिघडले?"

या प्रश्नाला भिऊ नका. खरे तेच सांगा. फांदी तोडली म्हणून कोणताही देव कोपणार नाही. पण म्हणून कुऱ्हाड चालवायला आपण मोकळे झालो काय? तसे असेल, तर आपण केवळ देव सोडला, धम्म घेतलाच नाही! भयाने राखलेले रान भय संपले की संपते. करुणेने आणि प्रज्ञेने राखलेले रान टिकते. हिरव्या वनस्पतीची नासधूस करू नये, असा विनयात भिक्खूंसाठी नियमच आहे. पावसाळ्यात भिक्खूंच्या पायांखाली गवत व लहान जीव तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा तथागतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला.

नारळ फोडणारा शेजारी भेटला, तर आपण नारळ फोडू नये. पण त्याची टिंगलही करू नये. त्याच्या वाडवडिलांनी हे रान राखले, याबद्दल कृतज्ञ राहावे.

आणि २० मार्च १९२७ आठवा. पाणी सर्वांचे आहे, हे बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्यावर कृतीने सिद्ध केले. ज्यांना पाणी नाकारले गेले, त्यांनी पाखराचे पाणी तोडू नये. मुलाचा हात धरा, पाऊल जपून टाका. पहिले शील तेथेच सुरू होते.

नमो बुद्धाय! जय भीम!