पलंगामागचं दार

अमेरिकेत, इंडियानातल्या तेव्हाच्या न्यूपोर्ट गावातलं लेव्हाय कॉफिन यांचं विटांचं घर आजही उभं आहे. वरच्या मजल्यावर छपराच्या उताराखाली एक बुटकं दार. पलंग सरकवला की ते झाकलं जाई आणि आत गुलामीतून पळून आलेली माणसं श्वास रोखून बसत. विहीर घरातच, तळघरात. बाहेरून पाण्याच्या खेपा वाढल्या असत्या, तर शेजाऱ्यांनी पाहुणे मोजलेच असते!

कॉफिन क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. गुलामी हे पाप, यावर पंथात वाद नव्हता. पण पापाविरुद्ध कायदा मोडायचा का?

बायबलात दोन्ही वाटा सापडतात. पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नका, अशी अनुवादाच्या पुस्तकात आज्ञा आहे. प्रेषित पौल मात्र अनेसिम या दासाला पत्र देऊन त्याच्या धन्याकडे, फिलेमोनाकडे परत पाठवतो. गुलामगिरीचे पाठीराखे पाद्री ही पाठवणी ठासून सांगत. त्याला भाऊ म्हणून स्वीकार, ही त्याच पत्रातली विनंती सोयीनं गिळत.

खुद्द क्वेकरांतही फूट पडली. इंडियानाच्या वार्षिक सभेनं गुलामीविरोधी चळवळ्या सभासदांना पदांवरून दूर केलं, तेव्हा १८४३मध्ये त्यांनी वेगळी सभा स्थापली. पुढे १८५०च्या फरारी गुलामांविषयीच्या कायद्यानं आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद ठरवली.



न्यूपोर्टला हा वाद दारावरच्या हलक्या थापेनं थांबे. कॉफिन खिडक्या झाकत; त्यांची पत्नी कॅथरीन अपरात्री उठून रांधायला लागत.