आधी बुरुजावर, मग पाटीवर

शास्त्रपाठ : हबक्कूक २:१-४, मार्क ८:२२-२६



आज सकाळच्या वाचनात हबक्कूकचा दुसरा अध्याय आला आणि मी बराच वेळ पहिल्या दोन वचनांपाशीच थांबलो. पहिल्या अध्यायात हा संदेष्टा देवाशी अक्षरशः वाद घालतो आहे. चहूकडे जुलूम आहे, न्याय मिळत नाही, आणि देवा, तू गप्प का? मग तो काय करतो? लोकांना गोळा करून भाषण करत नाही. तो पहाऱ्यावर जातो, बुरुजावर उभा राहतो, देव काय बोलतो ते पाहायला. बघा, ऐकायला नाही, पाहायला. त्यानंतर देव त्याला सांगतो, जे दाखवले ते पाटीवर लिही, आणि असे ठळक लिही की वाचणाऱ्याला वाचता वाचता धावता आले पाहिजे. पुढच्याच वचनात आणखी एक गोष्ट सांगतो : उशीर वाटला तरी वाट पाहा.

क्रम लक्षात घ्या. उभे राहणे, पाहणे, लिहिणे, वाट पाहणे. आज आपल्या मंडळ्यांच्या पुढाऱ्यांकडे पाटी भरपूर आहे. ती खिशातच असते. उपासना संपायच्या आत संदेशाचा व्हिडिओ गावभर पोहोचतो. मला त्याची तक्रार नाही. मला प्रश्न पडतो तो बुरुजाचा. जो पुढारी सतत लोकांना दिसत असतो, त्याला लोक दिसतात का? आणि देव काय दाखवतो आहे ते पाहायला त्याच्यापाशी वेळ उरतो का?

आपल्या मराठीत 'दृष्टांत' हा शब्द मोठा गमतीचा आहे. शाळेत दृष्टांत म्हणजे उदाहरण. शेजारी कुणी म्हणतात, 'मला देवाचा दृष्टांत झाला.' आपण बायबलमध्ये वाचतो तो संदेष्ट्यांना झालेला दृष्टांत. आणि हल्ली पाळकांच्या शिबिरात गेलात तर याच शब्दाच्या जागी 'व्हिजन' ऐकू येते. पाच वर्षांत किती शाखा, किती सभासद, किती सबस्क्रायबर. त्यासाठी आधाराला नीतिसूत्रे २९:१८ घेतले जाते, की दृष्टांत नसेल तर लोक मोकाट सुटतात. पण त्याच वचनाचा दुसरा अर्धा भाग कुणी फारसा वाचत नाही. तिथे नियमशास्त्र पाळणाऱ्याला धन्य म्हटले आहे. म्हणजे शलमोनाच्या मनात पुढाऱ्याची योजना नाही, देवाचे वचन आहे. पुढाऱ्याची महत्त्वाकांक्षा कितीही पवित्र शब्दांत सांगितली तरी ती दृष्टांत होत नाही.

आता पाटीची गोष्ट. 'ठळक लिही' ही आज्ञा आपल्या महाराष्ट्रात कुणी मनावर घेतली असेल तर ती पंडिता रमाबाईंनी. दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवा केडगावला मुक्ति मिशनमध्ये होत्या. त्यांना बायबल समजावे म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता! त्यांना जड मराठी लिहिणे अवघड होते का? पण त्यांनी आयुष्याची अखेरची कित्येक वर्षे साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या आणि त्यांचे बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. मुक्तिमधल्या स्त्रियांनीच ते छापखान्यात छापले. रमाबाईंच्या डोळ्यांपुढे कोण होते ते यावरून कळते. समोर बसलेली, नुकतीच अक्षर ओळखू लागलेली बाई त्यांना दिसत होती. जिला वाचायचे आहे ती दिसली, म्हणून लिहिणे स्पष्ट झाले.

लेखणी हाती घेतलेले पुढारी आपल्याला नवीन नाहीत. 'ज्ञानोदय' अहमदनगरला १८४२ साली निघाले. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१२ पासून त्याच्या मराठी विभागाचे संपादन करत होते. कवी म्हणून घरोघरी नाव, हातात नियतकालिक, मिशनचा पगार. पुढाऱ्याला आणखी काय हवे? पण १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ख्रिस्त या भूमीतल्या माणसांना परका वाटू नये, असे त्यांना दिसले होते. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते गेले. संख्येच्या हिशेबात दरबार फार मोठा झाला नाही. पण मला त्यातून एक खूण मिळते : खरा दृष्टांत पुढाऱ्याला काहीतरी सोडायला लावतो. ज्या 'व्हिजन'मध्ये पुढाऱ्याला फक्त मिळतच जाते, तिथे थोडे थांबून विचारावे.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. भिवंडीहून कामणमार्गे वसईला जाताना मला नेहमी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवतात. १९८३ ते २००७ अशी जवळजवळ चोवीस वर्षे ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. त्या काळात वसईची हिरवी जमीन बांधकामाला मोकळी होत होती आणि विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जात होते. हे काही गुपित नव्हते. टँकर सगळ्यांच्या दारावरून जात होते. पण फादरांना ते पाळक म्हणून दिसले. हे पाणी माझ्या लोकांचे आहे, आणि 'माझे लोक' म्हणजे फक्त चर्चला येणारे नव्हेत. त्यातून हरित वसईची चळवळ उभी राहिली. त्यात गुंडगिरीविरुद्धही बोलावे लागले, आणि ते बोलले. पुढे 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. निवडीला विरोध झाला, धमक्या आल्या, तरी ते तिथे उभे राहिले. त्यांचे लिखाण लोकांपर्यंत पोहोचले यात नवल नाही. आधी त्यांनी विहीर पाहिली होती.

आता मार्कचा आठवा अध्याय. बेथसैदा येथे लोक एका आंधळ्याला येशूकडे आणतात. प्रभू काय करतो? त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो. एकदा हात लावल्यावर विचारतो, काही दिसते का? तो माणूस प्रामाणिक आहे. माणसे दिसतात, पण झाडांसारखी, चालणारी झाडे, असे तो सांगतो. प्रभू पुन्हा हात ठेवतो आणि मग त्याला सगळे स्वच्छ दिसू लागते. शेवटी येशू त्याला घरी पाठवतो आणि गावात जाऊ नको म्हणतो.

येशूच्या चमत्कारांत हा एकच असा, जो दोन टप्प्यांत झाला. मार्कने तो कुठे ठेवला ते पाहा. त्याच्या आधी शिष्य भाकरी विसरल्याची चिंता करत आहेत आणि प्रभू त्यांना विचारतो, डोळे असून तुम्हाला दिसत नाही का? त्याच्यानंतर लगेच पेत्र 'तू ख्रिस्त आहेस' असे कबूल करतो आणि थोड्याच वेळात प्रभूच्या मरणाची गोष्ट ऐकून प्रभूलाच अडवतो. पेत्रालाही अजून अर्धेच दिसत होते. म्हणजे अर्धी दृष्टी ही अविश्वासी माणसाची अडचण नाही, ती शिष्यांची आणि पुढाऱ्यांची अडचण आहे. आपल्याला माणसे दिसतात, पण झाडांसारखी. झाडे मोजता येतात. लाईक मोजता येतात, उपस्थिती मोजता येते. पण त्या गर्दीत कोण आज नोकरी सुटल्यामुळे आला आहे, कोण रडून आली आहे, हे मोजण्यातून दिसत नाही. त्यासाठी प्रभूने दुसऱ्यांदा हात ठेवावा लागतो, आणि तो हात बहुतेक गावाबाहेर, गर्दीपासून दूर ठेवला जातो.

आम्ही भिवंडीकर यंत्रमागांच्या आवाजात राहतो. तुम्ही कधी लूमच्या कारखान्यात उभे राहिला आहात का? एक कारागीर एकाच वेळी कित्येक माग सांभाळतो. साध्या मागावर ताण्याचा एखादा धागा तुटला तर माग आपणहून थांबत नाही. तो त्याच वेगाने, त्याच आवाजात चालू राहतो, कापडही निघत राहते. फक्त त्या कापडात सरळ एक रेघ पडत जाते, मीटरमागून मीटर. ती कारागिराच्या डोळ्यांनाच दिसली पाहिजे. मंडळीचेही तसेच आहे. एक कुटुंब तुटले म्हणून उपासना बंद पडत नाही. गाणी होतात, संदेश होतो, व्हिडिओ जातो. आवाजावरून सगळे छान चालले आहे असेच वाटते. धागा तुटलेला दिसायला पाळकाची नजर मागावर असावी लागते.

इथे एक नाजूक विषय बोललेच पाहिजे, कारण यात दुसऱ्याच्या लेकराबाळांचा प्रश्न आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माग बंद होते आणि कारागिरांच्या चाळींत धान्य वाटले जात होते. एके ठिकाणी मी पाहिले, एका वयस्कर माणसाने पिशवी घेतली आणि फोटोसाठी मान वर करायला सांगितल्यावर त्याने तोंड भिंतीकडे वळवले. आयुष्यभर कष्ट करून खाल्लेला माणूस. वाटणारे वाईट नव्हते हो. ज्यांनी पैसे दिले त्यांना पुरावा हवा होता. पण त्या क्षणी त्याला पिशवी मिळाली आणि त्याचे तोंड गेले. साक्षींचेही असेच आहे. भाड्याच्या खोलीत राहणारी एखादी बहीण प्रार्थनेनंतर भरल्या मनाने दोन शब्द बोलते. ते रेकॉर्ड होऊन तिच्या घरमालकाकडे, गावच्या नातेवाइकांकडे पोहोचले तर पुढे जे होईल ते तिला एकटीला भोगायचे असते. व्हिडिओ टाकणारा सुरक्षित असतो. प्रभूने त्या आंधळ्याला गावात जाऊ नको का सांगितले, हे अशा वेळी मला जरा जास्त कळते.

मग फोटो काढायचेच नाहीत का? सोशल मीडिया बंद करायचा का? इतके सोपे असते तर बरे झाले असते! रमाबाईंच्या काळीही दुष्काळातल्या मुलींची छायाचित्रे पुस्तकांतून परदेशी गेली, आणि आलेल्या मदतीवर मुलींचे पोट भरले. त्याच लॉकडाऊनमध्ये मंडळ्यांची दारे बंद असताना अंथरुणाला खिळलेल्या आजींनी उशाशी फोन ठेवून वचन ऐकले. आजही रात्रपाळी करणारा, रविवारी सुट्टी नसलेला गोदामातला मुलगा, काल्हेरला असो की माणकोलीला, जेवणाच्या सुट्टीत कानात वायर घालून संदेश ऐकतो. त्याच्यासाठी तीच उपासना. पौलाने पत्रे लिहिली नसती तर आपल्यापाशी काय राहिले असते?

आणि प्रभूनेही डोंगरावरच्या एकाच प्रवचनात दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. मत्तय ५:१६ मध्ये तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या. मत्तय ६:१ मध्ये लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका. विरोध वाटतो ना? पण पहिल्या ठिकाणी लोक कामे पाहतात आणि स्वर्गातल्या पित्याचे गौरव करतात. दुसऱ्या ठिकाणी लोक करणाऱ्याकडे पाहतात आणि तिथेच थांबतात. दिवा तोच. फरक एवढाच की त्याचा उजेड वस्तीवर पडतो आहे की दिवा धरणाऱ्याच्या तोंडावर. दिवा स्वतःच्या तोंडासमोर धरून रात्री चालून पाहा. सगळ्यांना तुम्ही दिसाल, फक्त तुम्हाला रस्ता दिसणार नाही.

म्हणून माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला असे वाटते : पुढाऱ्याने दिसण्यात पाप नाही. पण दिसण्याची किंमत पाहण्याने चुकती होत असेल, तर तो सौदा मंडळीला परवडणारा नाही. ज्याला लोक दिसत नाहीत त्याचे लिखाण ठळक असू शकते, पण ते वाचून धावणारा कुठे पोहोचेल?

आणि ही गोष्ट फक्त पाळकांच्या माथी मारून चालणार नाही. त्यांना मोजायला कोण शिकवतो? आपणच. 'त्या मंडळीच्या पाळकांचे किती फॉलोअर आहेत, आपले पाळक तर काहीच टाकत नाहीत' असे आपणच चहा पिताना बोलतो. मंगळवारी दुपारी सरकारी दवाखान्याच्या रांगेत ते कुणाबरोबर उभे होते, हे आपण विचारत नाही, कारण त्याचा व्हिडिओ नसतो. आपण जे बघतो, तेच हळूहळू आपल्याला दाखवले जाते. तेव्हा या आठवड्यात आपल्या पाळकांना भेटाल तेव्हा संदेश छान झाला असे जरूर सांगा, आणि एवढेही विचारा, 'पाळकसाहेब, तुमच्यासाठी काय प्रार्थना करू?' कदाचित त्यांना बुरुजावर जायला तेवढीच मोकळीक मिळेल.

प्रार्थना : हे प्रभू येशू, आमच्या पुढाऱ्यांचा हात धर आणि त्यांना थोडा वेळ गावाबाहेर ने. आम्हा सर्वांच्या डोळ्यांवर पुन्हा एकदा तुझा हात ठेव. माणसे आम्हाला झाडांसारखी नकोत, माणसांसारखी दिसू देत. जे तू दाखवशील तेच लिहिण्याची आणि दाखवेपर्यंत थांबण्याची कृपा दे. तुझ्याच नावात मागतो, आमेन.