हयातीचा दाखला

अमेरिकेतल्या लुइझियानात वसंतात क्रॉफिशच्या पंगती झडतात. क्रॉफिश म्हणजे शेवंडीचा गोड्या पाण्यातला धाकटा भाऊ. पोत्यातून जिवंत येतो. मेलेला निघाला की फेकून देतात. थोडक्यात, हयातीचा दाखला तिथेही लागतो! आमच्या बँकेत तो दिला की पेन्शन चालू राहते. तिथे थेट आधणात रवानगी. सोबतीला मीठ, लाल तिखट, लिंबं, बटाटे, मक्याची कणसं. उकळी आली की थोड्याच वेळात आच बंद, आणि मसाला मुरावा म्हणून पुढे २० मिनिटं नुसतं थांबायचं. स्वित्झर्लंडने २०१८ पासून अशा जीवांना आधी बेशुद्ध करणं सक्तीचं केलं. यावर लोक म्हणतात, ‘एवढा वेळ कुणाला आहे?’ अहो, चवीसाठी २० मिनिटं निघतात. मग दयेसाठी मिनिटभर मागितलं, की घड्याळाकडे का बघायचं?